उकळीच्या वर सात

बाबा मार्चच्या मध्यावर गेले. मेपलच्या झाडांना रसासाठी भोकं त्यांनीच पाडली होती, फेब्रुवारीत, छातीत कफ साठलेला असताना. ते गेल्यावरही झाडांचा रस ठिबकत राहिला. एप्रिल लागला, कळ्या फुगल्या. कळ्या फुगल्या की रसाला वास येतो, म्हणून टाकीत होता तो शेवटचा. जळाला तर बाबांच्या हातचा रस पुन्हा मिळणार नव्हता.

व्हर्ना आत्या, बाबांची थोरली बहीण, खोपीतल्या भट्टीत जळणाची फाटी सारत होती. वर काहिलीत रस आटत आला होता.

"सकाळी साधं पाणी उकळून पाहिलंस का?" तिने विचारलं.

"पाहिलं. नव्याण्णव."

"नव्याण्णव? अगं, ते कोमट झालं!"

"सेल्सियस, आत्या. नवा थर्मामीटर."

जुना आदल्या दिवशी माझ्याच हातून फरशीवर पडून फुटला होता. गावातल्या दुकानात हा एवढाच मिळाला.

काहील पेटवण्याआधी साधं पाणी किती अंशांवर उकळतं ते बघायचं, ही बाबांची रीत. हवेचा दाब बदलला की उकळीही थोडी वरखाली होते. त्या दिवशीच्या उकळीच्या वर सात अंश, की पाक झाला. काहिलीचा नळ उघडायचा.

"मग नव्याण्णव आणि सात, एकशे सहा," आत्या म्हणाली. "एवढ्यासाठी तुला टोरोंटोला शिकायला पाठवलं?"

"बाबांचे सात फॅरनहाइटचे होते."

"बाहेरची थंडी सेल्सियसमध्ये सांगतेस, ओव्हन फॅरनहाइटवर लावतेस. आणि मला शिकवतेस होय गं?"

आमच्याकडे सगळेच असं करतात. बाबांना तर तापही फॅरनहाइटमध्येच यायचा. इस्पितळात नर्स म्हणाली, एकोणचाळीस. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्यात किती?" मी नवाने गुणलं, पाचाने भागलं, बत्तीस मिळवले. "एकशे दोन." "मग आहे ताप," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

तेच गणित मी आता उलटं केलं. सातातून बत्तीस वजा, पाचाने गुणून नवाने भाग.

"उणे चौदा," मी म्हणाले.

आत्या हातातलं फाटं धरून तशीच उभी राहिली. मग हसली. "बर्फ करायचाय का पाकाचा? तुझा बाप डगल्ड असता तर त्याने तुला बाहेर काढलं असतं."

"असता तर मला गणित करावं लागलं नसतं."

ती हसायची थांबली. काहिलीत फेस वर येत होता. काटा एकशे एकवर होता, आणि शेवटचे अंश भराभर चढतात.

बत्तीस कशाला? मी स्वतःला विचारलं. पाणी बाबांच्या फॅरनहाइटमध्ये बत्तिसावर गोठतं, आमच्या सेल्सियसमध्ये शून्यावर. बत्तीस म्हणजे नुसता जिना कुठून सुरू होतो ते. मला जिन्याची सुरुवात नको होती, सात पायऱ्या हव्या होत्या. गोठण्यापासून उकळीपर्यंत त्यांच्या पायऱ्या एकशे ऐंशी, आमच्या शंभर. जिना तोच, त्यांची पायरी बुटकी. त्यांच्या नऊ, तर आमच्या पाच. मग त्यांच्या सात म्हणजे आमच्या जेमतेम चार.

"एकशे तीनला उघडायचा," मी म्हणाले.

"एकशे सहा."

"एकशे सहाला बाटलीत साखरेचे खडे होतील."

"आणि एकशे तीनला पातळ राहिला तर? आठवड्यात आंबेल. काहिलीत परत घालून आटवण्याइतका उरणारही नाही."

"माहीत आहे."

"नक्की ना, पोरी?"

मी पुन्हा एकदा मोजलं. काटा एकशे दोनच्या पुढे गेला. वाफेने चष्मा धुरकटला होता, तो कपाळावर सरकवला आणि खाली वाकून बघत राहिले. एकशे तीन. मी नळ उघडला.

पाक बादलीत पडायला लागला. आत्याने माझ्याकडे न बघता पळी बुडवली, खिडकीपाशी नेली आणि तिरपी केली. थेंब पडले नाहीत. कडेला सगळा पाक एकत्र आला, पडद्यासारखा लोंबला आणि मग एकदम तुटला. पाक झाल्याची तीच खूण. तिने पळीच्या कडेवरून बोट फिरवून चाटलं.

"आणखी दाट चालला असता," ती म्हणाली. परत चाटलं.

"आत्या?"

"झाकणं आण. गरम आहे तोवर लावायची."

मी झाकणं आणली. भट्टीत पुढचं फाटं कुणीच सारलं नाही.