पाच नंबरची पिशवी

वायूसाठी खोदायच्या विहिरीचं तोंड डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि साहेबांचं तोंड पिशवीकाकांच्या दिशेने. दोन्हींतून सकाळपासून चिखलच येत होता.

काकांचं काम तसं साधं. दर पाच मीटर खोदाईनंतर वर येणारा दगडाचा चुरा धुवायचा, पिशवीत भरायचा, वर नंबर टाकायचा. बावीस वर्षांत एक पिशवी इकडची तिकडे झालेली नव्हती.

"मग हे काय?" साहेबांनी टेबलावर पिशव्या आपटल्या. "जांभळा दगड, खाली शिंपल्यांचा पांढरा चुनखडक, त्याखाली पुन्हा तोच जांभळा! पिशव्यांची भेळ केलीत तुम्ही, काका. आणि मधल्या पिशवीवर 'पीठ' लिहिलंय. घरचा किराणा भरताय का इथे?"

"पिठासारखंच होतं ते, साहेब. दुसरं काय लिहू?"

"काहीच लिहू नका. चुनखडकात वायूचा पत्ता नाही, खाली नुसता गोंधळ. संध्याकाळी विहीर बंद, आणि उद्यापासून तुम्ही घरी."

काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि घरी काकू होत्या. त्यांना जास्त धास्ती कशाची वाटली, हे सांगणं अवघड आहे.

तेवढ्यात भूवैज्ञानिक बाई आत आल्या. वयाने सगळ्यांत लहान, म्हणून त्यांना बैठकीला बोलावलेलंच नव्हतं. त्यांनी 'पीठ' उघडलं, चिमूटभर बोटांत चोळलं आणि खुदकन हसल्या.

"काका, किती अचूक लिहिलंत हो! साहेब, डोंगर बाजूने रेटला गेला की अख्खा थर तुटतो आणि शेजारच्याच्या डोक्यावर चढून बसतो. चढताना मधल्या दगडाचं असं पीठ होतं. त्याच्याखाली तेच थर, त्याच क्रमाने, पुन्हा. जुनं वर, नवं खाली."

जुनं वर बसलेलं आणि नवं खाली दबलेलं बघायला आमच्या कचेरीत कधी भोक पाडावं लागलं नव्हतं.

"वरचा चुनखडक पलीकडच्या उतारावर उघडा पडलाय, त्यातला वायू केव्हाच उडाला," बाई म्हणाल्या. "खालच्यावर मात्र जांभळ्याचं घट्ट झाकण आहे. वर ते एकशेवीस मीटर जाड होतं. इथे आपण त्यातलं नव्वद खोदलंय."

"म्हणजे उरले तीस. सहा पिशव्या," साहेब म्हणाले. "सातवी मिळणार नाही. आणि नंबर मी स्वतः टाकणार!"

साहेब खुर्ची टाकून बसले. एक, जांभळी. दोन, जांभळी. तीन, चार, तेच. पाचवीच्या वेळी त्यांच्या मेहुण्याचा फोन आला. मेहुणा बोलत राहिला, साहेबांनी पाचवीवर 'पाच' लिहिलं, आणि तो तरीही बोलतच होता म्हणून पुढचीवरही 'पाच'च लिहिलं.

काकांनी ते पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांदेखत चुकीचा नंबर पडत होता. त्यांनी चष्मा काढला आणि सावकाश पुसायला घेतला.

"आता सहावी. शेवटची!" फोन ठेवत साहेब म्हणाले.

चुरा पांढरा आला. त्यात शिंपले. दुसऱ्याच मिनिटाला वायुमापकाचा काटा उडी मारून वर गेला आणि घंटा कोकलायला लागली. बाईंनी टाळीसाठी हात पुढे केला. काकांनी आधी हात पुसला, मग टाळी दिली.

"बघा!" साहेब गरजले. "सहा म्हणजे सहा! मी म्हटलं होतं."

"अगदी मोजून, साहेब," काका म्हणाले. "मग उद्या मी घरीच ना?"

"वेड लागलंय का? पिशव्या कोण भरणार?"

सगळे बाहेर धावले. बाई मागे राहून पिशव्या ओळीने लावत होत्या. त्या थबकल्या.

"काका, पाच नंबर दोनदा?"

"एकावर एक चढून बसलाय, बाई," काका चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले. "डोंगराला चालतं, मग साहेबांना का नाही?"