मंगळवारचा दोष

मी एक जुना चुंबक आहे मित्रांनो, आणि मी रागावलो आहे. या वयात संताप बरा नव्हे, हे मला कळतं. पण काही केल्या तो जात नाही.

माझा जन्म जर्मनीतला. पोटात तांब्याची वेटोळी आणि त्यांतून खेळणारं थंड पाणी. धावत्या कणांचा झोत वाटेवर ठेवायचा, एवढंच माझं काम. तिथलं यंत्र मोडीत निघालं आणि मला जहाजातून जॉर्डनला धाडलं. साल्ट गावाजवळच्या टेकड्यांत नवी प्रयोगशाळा उभी राहत होती. मी पुन्हा कामाला लागलो.

पण आठवड्यातून एकदा झोत घसरायचा. संचालक डॉ. नायफ यांनी मला हातही न लावता निकाल दिला, की म्हातारा बिघडलाय, भंगारात काढा.

तेव्हा लमीस पुढे आली. पीएचडी करणारी, कमी बोलणारी मुलगी. दोन वर्षं तिनं माझा ताप मोजला. झोत घसरतो तो मंगळवारीच, हे तिच्याच लक्षात आलं, कारण मंगळवार हा तिच्या आईचा धुण्याचा दिवस. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदाच येतं. त्या दिवशी प्रयोगशाळेच्या गच्चीवरच्या टाक्याही भरत, आणि माझं थंड पाणी त्याच पंपावर चाले. पाण्याचा जोर ओसरला की मी तापायचो, फुगायचो, केसभर सरकायचो.

तिनं हे सांगितलं तेव्हा डॉ. नायफ सगळ्यांदेखत म्हणाले, "पाण्याचे वार तुझी आई मोजेल. तू प्रबंध लिही."

सगळे हसले. लमीसनं पुढच्या मंगळवारी मला वेगळा पंप जोडला. झोत जागचा हलला नाही. त्या दिवशी तिनं पोलादी सुईनं माझ्या डाव्या कुशीवर कोरलं : दोष याचा नाही. लमीस.

परदेशी परीक्षकांनी तिच्या प्रबंधाला त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरवलं. मग काय, समारंभ ठरला. डॉ. नायफ यांनी आधीच मागवून ठेवलेला नवा चुंबक माझ्या जागी आला होता, म्हणून मला अंगणात चौथऱ्यावर बसवलं, हिरव्या रंगाचे जाड थर चोपडले आणि पुढ्यात पितळी पाटी ठोकली. तिच्यावर मंत्र्यांचं नाव, देणगीदारांची नावं, आणि 'ज्यांच्या मार्गदर्शनाखाली दोष सापडला' ते डॉ. नायफ. लमीसला मानपत्राचा कागद मिळाला. पाहुणे कुनाफ्याची मिठाई खाण्यात गुंतले.

तिची आई उम्म खल्दून हिनं ओळींखाली बोट धरून पाटी दोनदा वाचली.

"डॉक्टर, माझ्या मुलीचं नाव कुठंय?"

"जागा उरली नाही, खाला. मानपत्र दिलंय की तिला."

"ते माझ्या कपाटात राहील. येणारी पोरं ही पाटी वाचणार."

"चल यम्मा," लमीस म्हणाली.

अंगात वीज असती तर त्या माणसाला पट्ट्याच्या बकलाला धरून मी खेचलं असतं. पण विजेवाचून मी नुसतं लोखंड.

आता शाळांच्या सहली येतात. मित्रांनो, तुम्हीही याल. पाटी वाचा, हरकत नाही. मग माझ्या डाव्या कुशीला या. रंग जाड आहे, पण कोरलेलं अजून बुजलेलं नाही. तिथं बोट फिरवा आणि हाताला लागेल ते नाव मोठ्यानं वाचा. डॉ. नायफ यांची खिडकी बरोबर वर आहे, आणि ती उघडी असते.