सारसांचा ऑक्टोबर

फेब्रुवारीत लग्नाची तारीख ठरवायला दोन्हीकडची माणसं जोन्जूच्या एका हॉटेलात जेवायला बसली, तेव्हा ऑक्टोबरातला दुसरा शनिवार सुचवला तो खुद्द ग्वाक जुंग-सिकनंच. त्याची बायको म्योंग-ही हिनं चमचा खाली ठेवून नवऱ्याकडे नीट पाहून घेतलं. एकतीस वर्षांच्या संसारात या माणसानं बेसबॉलचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय कुठलीही तारीख कबूल केली नव्हती. सख्ख्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला तो सातवा डाव संपल्यावर पोचला होता, तोही हरल्याचं तोंड घेऊन.

"ऑक्टोबरात आपल्याला काय काम?" तो म्हणाला. "तोवर आमचे सारस घरी बसलेले असतात."

गुन्सान सारस हा संघ अकरा वर्षं ऑक्टोबरात खेळला नव्हता. दहा संघांतले पहिले पाच पुढच्या फेरीत जातात, आणि सारस दरवर्षी इमानेइतबारे आठव्या-नवव्या जागी मुक्काम ठोकत. होणारे व्याही कू इन-मो, ज्यांचं जोन्जूत चष्म्याचं दुकान होतं, ते खळखळून हसले. ते जोन्जू बुल्सचे. त्यांचे बैलही काही दिवे लावत नव्हते, पण सारसांहून एखादी पायरी वर असत. तेवढ्या एका पायरीच्या जोरावर ते व्याह्याला ऐटीत पेला भरून द्यायचे.

ग्वाक गुन्सानच्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. जूनमध्ये सारस शेवटच्या जागी होते, तेव्हा त्याच्या गाडीत बसणाऱ्या शिकाऊंचे फार हाल झाले. रेडिओवर सारसांचा चेंडू टाकणारा पिचर मार खात असला की ग्वाकचा पाय आपोआप त्याच्या बाजूच्या ब्रेकवर पडायचा, आणि स्टीअरिंगवरची बिचारी बाई आपलं काय चुकलं म्हणून रडकुंडीला यायची. त्याच महिन्यात चाहत्यांनी वर्गणी काढून एक ट्रक भाड्यानं घेतला, त्यावर दिव्यांचा भलामोठा फलक चढवला आणि 'व्यवस्थापक, राजीनामा द्या' हा मजकूर संघाच्या कचेरीसमोर तीन दिवस फिरवला. या उद्योगाचा सूत्रधार ड्रायव्हिंग स्कूलमधलाच शिम. ग्वाकपेक्षा चार वर्षांनी लहान, चाहता मंडळाचा अध्यक्ष, आणि गणितात आपला हात कोणी धरू शकत नाही अशी पक्की समजूत असलेला.

ऑगस्टमध्ये सारस लागोपाठ नऊ सामने जिंकले. शिमनं तोच ट्रक पुन्हा मागवला. 'व्यवस्थापकसाहेब, आम्ही चुकलो. तब्येतीला जपा.' व्यवस्थापक म्हणे दोन्ही वेळा खिडकीत उभे राहून तो मजकूर वाचत होते, आणि दोन्ही वेळा त्यांचा चेहरा तसाच होता.

त्याच ऑगस्टात एका संध्याकाळी गुन्सानच्या मैदानावर सारस विरुद्ध बैल असा सामना होता. चौथ्या डावात सारस सहा धावांनी मागे पडले आणि आभाळ फाटलं. पाच डाव पुरे व्हायच्या आत सामना पावसानं बुडाला, तर तो झालाच नाही असं धरतात. ग्वाक प्लॅस्टिकचा रेनकोट घालून बसला होता. त्यानं टोपी काढली, आभाळाकडे पाहिलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. त्याचं पाहून अख्खा स्टँड वाकला. तासाभरानं पंचांनी हात वर केले, त्या सहा धावा पाण्यात गेल्या, आणि लोकांनी चिंब भिजून एवढा जल्लोष केला की शहरात वाटलं सारस जिंकले.

सप्टेंबर संपता संपता सारस आणि बैल पाचव्या जागेवर अगदी खांद्याला खांदा लावून उभे होते. शिमनं रस्त्यावरच्या खुणा शिकवायचा फळा ताब्यात घेतला. 'प्रवेश बंद' आणि 'पुढे शाळा' पुसून तिथं त्यानं रकाने आखले: आपण जिंकलो आणि ते हरले तर, ते जिंकले आणि आपण हरलो तर, मागून येणारे वोन्जूवाले अमुक करतील तर. शिकायला आलेली पोरंपोरी तेच वहीत उतरवून घेऊ लागली, कारण परीक्षेत काय विचारतील याचा नेम नाही.

मग बुडालेल्या सामन्यांच्या नव्या तारखा लागल्या. सारस विरुद्ध बैल, हंगामातला अगदी शेवटचा सामना, ऑक्टोबरातला दुसरा शनिवार, दुपारी दोन.

लग्न त्याच शनिवारी अडीचला होतं.

ग्वाकनं तो कागद तीनदा वाचला. आपणच वाकून नमस्कार केला होता आणि आभाळानं तो शब्दशः मानला होता. घरी गेल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. म्योंग-ही कोबी चिरत होती. तिनं कोबी चिरून पुरा केला, सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली, आणि मगच वळून विचारलं, "मग?"



आठवडाभर फोन येत राहिले. सगळे आधी तोंडभरून अभिनंदन करायचे, नवऱ्यामुलाच्या नोकरीची चौकशी करायचे, आणि मग जाता जाता हॉलमधल्या जेवणघरात टीव्ही आहे का ते विचारायचे. धाकट्या मेव्हण्याची कंबर नेमकी शनिवारपुरती धरणार होती. शिम निदान खरं बोलला. ड्रायव्हिंग स्कूलच्या चौदाही जणांनी तिकिटं काढली आहेत, फोटोपर्यंत पोचायचा प्रयत्न करतील, आणि जेवण किती वाजेपर्यंत चालू असतं, एवढंच त्यानं विचारलं.

ग्वाकनं गुपचूप हॉलवाल्यांना फोन करून साडेअकराची वेळ मिळते का पाहिलं. साडेअकराच्या वधूचे वडीलही सारसांचेच निघाले. त्यांनी वेळ सोडायला साफ नकार दिला, वर आपल्याकडची भाषणंही त्यांनी रद्द करून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची मुलगी सू-रिम ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आली. ती जोन्जूच्या एका वाचनालयात कामाला होती. रजा टाकून आली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे त्यानं ओळखलं. आवारात उभ्या असलेल्या शिकवणीच्या गाडीत ती स्टीअरिंगवर बसली, तो सवयीनं शेजारी.

"हॉलवाल्यांचा फोन आला होता," ती म्हणाली. "वेळ बदलायचं माझ्याही कानावर घालायचं होतं म्हणे त्यांना."

"नुसती चौकशी केली गं."

"बाबा, माझ्या शाळेच्या शेवटच्या दिवसाच्या फोटोत तुमच्या कानात वायर आहे. आजोबांच्या श्राद्धाच्या फोटोत आहे. आईच्या पन्नाशीच्या फोटोत वायर नाही, पण त्यात तुम्हीच नाही."

तो समोरच्या काचेतून रबरी शंकूंच्या रांगेकडे बघत राहिला.

"मी सामना सोडा म्हणत नाही," ती म्हणाली. "दारापासून स्टेजपर्यंत वीस पावलं आहेत. मी मोजून आले. तेवढी माझ्याबरोबर चाला. कानात काही नको आणि खिशात फोन नको."

"आणि मग?"

"बघा, लगेच 'आणि मग'."

त्यानं कबूल केलं. करावंच लागलं. पण मनातून तो बेचैन होता, आणि त्या रात्री जेवताना त्याच्या डोक्यात एक असा विचार आला की त्यानं हातातला घास परत ठेवला. गुरुवारी सारसांचा सामना होता. तो सारस हरले, तर शनिवारच्या सामन्याला काडीचाही अर्थ उरणार नव्हता. पाहुणे येतील, मेव्हण्याची कंबर सुटेल, आणि बाप म्हणून आपण शांतपणे वीस पावलं चालू.

हा विचार पाप आहे असं त्याला वाटत होतं, तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला. कू इन-मोंनी हवापाण्याच्या गप्पा बऱ्याच लांबवल्या. मग घसा साफ केला.

"व्याही, राग मानू नका. गुरुवारी समजा तुमचे सारस हरले..."

"तर शनिवार मोकळा होईल."

"मुलांच्या सुखासाठी म्हणतो हो मी."

"मुलांच्या सुखासाठी तुमचे बैल हरले तरी चालेल की," ग्वाक म्हणाला. "त्यांचाही गुरुवारी सामना आहे."

मग कू हलक्या आवाजात म्हणाले, "व्याही, खरं सांगू? मीही तेच देवाला सांगितलंय. फक्त हे घरात कुणाला कळायला नको." दोघांनी एकमेकांना वचन दिलं. साखरपुड्यातसुद्धा त्यांचं एवढं जुळलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी ग्वाक नेहमीच्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानात शिम आणि मंडळींबरोबर टीव्हीसमोर बसला. अंगात सारसांचा पांढरा शर्ट. सगळे ओरडले की तोही ओरडायचा, पण अर्धं पाऊल उशिरा. शेवटच्या, नवव्या डावात सारस एका धावेनं मागे होते, दोन गडी बाद, एक जण बेसवर; तिसरा बाद झाला की खेळ खलास. बॅट घेऊन समोर आला बदली कॅचर, ज्यानं अख्ख्या हंगामात एकदाही चेंडू कुंपणापार धाडला नव्हता. ग्वाकनं मनात म्हटलं, झालं, आता संपलं. त्याला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. त्या लाजेत तो बुडालेला असतानाच चेंडू कुंपण ओलांडून स्कोअरबोर्डाच्या खांबावर आदळला.

दुकान डोक्यावर घेतलं गेलं. ग्वाकच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शिमनं त्याला मिठी मारली आणि सगळ्यांना सांगितलं की बघा, चाहता असावा तर असा. तिकडे बैलही जिंकले. व्याह्यांचा फोन आला नाही, यानंही केला नाही.

शनिवार उजाडला. फळ्यावरच्या हिशोबाप्रमाणे जो जिंकेल तो पाचवा, जो हरेल तो घरी. हॉलमध्ये वधूकडची बाजू अर्धी रिकामी होती. वराकडचे बरे आले होते, कारण जोन्जूकरांना गुन्सानच्या मैदानाची तिकिटं मिळाली नव्हती. पण आलेल्यांचीही मान खाली होती, आणि ती भक्तिभावानं नव्हे. प्रत्येकाच्या मांडीवर फोन उजळत होता.

ग्वाकनं आपला फोन बायकोच्या पर्समध्ये टाकला. कानात काही नव्हतं. दार उघडलं, सू-रिमनं त्याच्या कोपरात हात घातला आणि ती दोघं चालू लागली.

आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला त्याला शोध लागला. डावीकडे सगळे सारस, उजवीकडे सगळे बैल. लोक नवरीकडे बघण्यासाठी मान वर करत होते खरे, पण मांडीवरचं वाचून झाल्यावर. डावीकडे त्याची चुलत बहीण गालातल्या गालात हसत होती. मेव्हणा, जो कंबर विसरून आला होता, त्यानं मूठ आवळली होती. उजवीकडे व्याह्यांचे थोरले बंधू डोळे मिटून बसले होते. ग्वाकनं ओळखलं: आपण पुढे आहोत. किती? बहुतेक दोननं. एक धाव असती तर मेव्हण्यानं नखं खाल्ली असती. तो चालत राहिला आणि रांगेमागून रांग वाचत राहिला. स्टेजजवळ आल्यावर त्यानं मुलीचा हात नवऱ्यामुलाच्या हातात दिला, सगळे टाळ्या वाजवू लागले, आणि बापानं शब्द पाळला म्हणून म्योंग-हीनंही डोळे टिपले.

पुढचं सगळं यथासांग झालं. फोटोच्या वेळी फोटोग्राफरनं सहा वेळा 'समोर बघा' म्हटलं. मध्येच खालच्या जेवणघरातून आरडाओरडा वर आला. आचारी बैलांचा होता, हे मागाहून कळलं. नवरानवरी वडीलधाऱ्यांपुढे वाकली तेव्हा दोन्ही व्याही चोरून एकमेकांचे चेहरे वाचायचा प्रयत्न करत होते, पण दोघांनाही पुढचं काहीच माहीत नसल्यामुळे तिथं वाचण्यासारखं काही नव्हतं.

सहाच्या सुमाराला शिम आणि तेरा जण मैदानावरून थेट जेवणघरात आले. पांढऱ्या शर्टांत, घसे बसलेले, मेल्याहून मेल्यासारखे. अकरा डावांनंतर सामना चार-चार असा बरोबरीत सुटला होता. पुढे डाव नसतात.

"बरोबरी?" ग्वाकनं विचारलं. "म्हणजे पाचवं कोण?"

शिमनं मान खाली घातली. फळ्यावर त्यानं सत्तावीस रकाने आखले होते, बरोबरीचा तेवढा राहिला होता. तिकडे वोन्जूवाले, ज्यांचं कुणी आठवडाभर नावही काढलं नव्हतं, आपला सामना जिंकून दोघांच्या पंगतीला येऊन बसले. तिघांचे आपापसातले सामने मोजले, तर वोन्जू सरस.

बरगड्यांचं सूप गार झालं होतं, ते पुन्हा गरम करून आणवलं. सारस आणि बैल एकाच टेबलावर बसून ते निमूट प्यायले, आणि तिसरा पेला झाल्यावर वोन्जूला शिव्या देण्यावर दोन्ही घराण्यांचं इतकं एकमत झालं की विहीणबाई म्हणाल्या, सोयरीक आता खरी जमली. तोवर नवरानवरी केव्हाच निघून गेली होती.

घरी जाताना गाडीत म्योंग-हीनं विचारलं, "चालताना सू-रिम रडली, ते पाहिलंत ना?"

"पाहिलं," ग्वाक म्हणाला. "मलाही भरून आलं."

"ती रडली नाही," म्योंग-ही म्हणाली. "हसत होती. काहीतरी बोलतही होती तुमच्याशी."



नोव्हेंबरात लग्नाची फिल्म आली. बायको घरी नसताना ग्वाकनं ती लावली. वीस पावलांचा तो तुकडा त्यानं मागे घेऊन घेऊन पाहिला. मुलगी मान त्याच्याकडे वळवते, हसते, ओठ हलतात. बाप डावीकडे बघतोय. मग बाप उजवीकडे बघतोय. आवाजाच्या जागी फिल्मवाल्यांनी पियानो घातला होता.

त्यानं मुलीला फोन लावला आणि आडवळणं न घेता विचारलं की तू तेव्हा काय म्हणत होतीस.

"तुम्ही ऐकलं नाहीत?" सू-रिम म्हणाली. "दोन-शून्य, आपण पुढे. नवरीच्या खोलीत मैत्रिणीच्या फोनवर पाहून ठेवलं होतं. म्हटलं, तेवढं बिचाऱ्यांना सांगावं."

फोन कानाला लावून त्यानं फिल्म थांबवली. पडद्यावर तो अजून उजवीकडे बघत होता.

"कुणी मारल्या होत्या गं त्या दोन?" त्यानं विचारलं.

तिनं भलत्याच खेळाडूचं नाव सांगितलं. तो तर मार्चमध्येच दुसऱ्या संघात गेला होता. ग्वाकनं तोंड उघडलं, मिटलं, आणि तो म्हणाला, "हो का? बरं."

मग त्यानं दोघं जेवलात का ते विचारलं.