पिवळ्या अंगठ्यांच्या चिठ्ठ्या

"मॅडम, ही कशात धरायची?" कारकुनानं उघडलेली चिठ्ठी वर धरली.

शिक्का 'नको'च्या चौकोनात मधोमध बसला होता. पण कडेला अंगठ्याएवढा पिवळा डाग होता. लेबर ऑफिसातून आलेल्या प्रियदर्शिनी मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं.

"बाजूला ठेवा. अशा सगळ्या शेवटी बघू."

टेबलाच्या पलीकडे बसलेल्या रामनाथनं आपले हात टेबलाखाली घेतले.

बोईसरच्या एमआयडीसीतला हा रंग बनवायचा कारखाना. कँटीनची टेबलं एकाला एक जोडून मतमोजणी चालली होती. प्रश्न एकच होता. कारखान्यात इतकी वर्षं असलेली कामगारांची युनियन हवी की नको? रामनाथ तिचा सेक्रेटरी. युनियन काढून टाका, असा अर्ज काही कामगारांनी सह्या करून दिला होता. त्यामागे होता विक्रम, गावात नवीनच युनियन थाटलेला पुढारी. तो समोर पाय हलवत बसला होता. कंपनीचा मॅनेजर दाराशी उभा होता, आपला इथं काही संबंध नसल्यासारखा.

गुप्त मतदान घ्या, हा आग्रह रामनाथचाच. सही माणूस भिडेखातर करतो, पडद्याआड खरं बोलतो, असं त्याचं म्हणणं. चिठ्ठीवर शिक्क्याशिवाय दुसरी कसलीही खूण दिसली तर चिठ्ठी बाद, ही अटही त्यानंच घालून घेतली होती. विकत घेतलेल्या माणसाला खूण करायला सांगतात, हे त्यानं शेजारच्या कारखान्यात पाहिलं होतं. एवढा पुढचा विचार केला, पण आपल्या माणसांचे हात काही ध्यानात आले नाहीत.

लाल आणि निळ्या प्लँटचा रंग साबणानं बराचसा जातो. पिवळ्याचा जात नाही. कातडीत मुरतो आणि घाम आला की पुन्हा बाहेर येतो. रामनाथ पिवळ्यातलाच. बायकोला, मंदाला, पालघरला डायलिसिसला नेलं तेव्हा पहिल्या दिवशी नर्सनं पेशंटला सोडून त्याच्याच डोळ्यांत बॅटरी मारली होती, कावीळ आहे का म्हणून. मंदा इतकी हसली की नर्सला सुई हातात धरून थांबावं लागलं. त्यानंतर ती अशी हसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"नको," कारकून म्हणाला. पुन्हा पिवळा डाग. थोड्या वेळानं आणखी एक. तीही 'नको'.

शेजारी भावेश होता, युनियनचा खजिनदार, रामनाथच्याच सफाळ्याकडचा, वयानं निम्मा. तो कानाशी आला. "काका, ही तर तुमच्या प्लँटची माणसं."

"दिसतंय मला."

"मला कुणकुण लागली होती. पिवळ्यातल्या सगल्यांच्या पोरांना कंपनीत कायम करून देतो, असा शब्द दिलाय विक्रमनं. तुमी दवाखान्यात होतात. कसं बोलणार?"

"आता पण नको बोलू."

रामनाथ चिठ्ठ्यांकडे बघत राहिला. पिवळ्या प्लँटवर त्यानं प्रचारसुद्धा केला नव्हता. लाल प्लँटच्या माणसांना घरी जाऊन भेटला, निळ्यातल्या भय्या लोकांना त्यांच्या खोल्यांवर जाऊन हिंदीत समजावलं. घरच्यांना काय समजवायचं?

मंदा गेली त्या दिवशी पिवळ्या प्लँटची सगळी माणसं टेम्पो करून सफाळ्याला आली होती. पुंजारामनं तिरडीला खांदा दिला, तो थेट नदीपर्यंत बदलला नाही. पुंजाराम नगरकडचा. तो आणि रामनाथ एकदमच कामाला लागले होते. मयताच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून पुंजारामची बायको सोजराबाई बोईसरहून पिठलं-भाकरी बांधून घेऊन आली. कोणी कितीही सांगितलं तरी रामनाथ जेवेना. तेव्हा तिनं घास त्याच्या तोंडाशी धरला. "खा भाऊजी. तुमी खाल्लं न्हाई तर मंदाताई मला बोल लावतील." तो मसणात रडला नव्हता. त्या घासाला रडला.

पुढं सुतकाचे दिवस तो घरीच होता. त्याच दिवसांत युनियनविरुद्धचा अर्ज पालघरच्या लेबर ऑफिसात पोचला.

अर्जावर पुंजारामची सही नव्हती. ते पाहून रामनाथला बरं वाटलं होतं.

मोजणी संपली. स्वच्छ चिठ्ठ्यांत 'हवी' थोडक्यात पुढं होती. बाजूला पिवळ्या चिठ्ठ्यांचा वेगळा ढीग होता. तो त्यात धरला तर निकाल उलटा होणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. विक्रमचे पाय थांबले.

मॅडमनी ढीग पुन्हा एकदा पाहिला. सगळ्या 'नको'. एकच तेवढी 'हवी'. तिच्यावर अंगठा जरा जास्तच उमटला होता. ती रामनाथचीच होती.

म्हणजे पिवळ्यातलं दुसरं कोणीच नाही. पुंजारामही नाही.

"अट अशी आहे," मॅडम म्हणाल्या, "शिक्क्याशिवाय खूण असेल तर चिठ्ठी बाद. पण ही मुद्दाम केलेली खूण दिसत नाही. दोन्ही बाजूंना मान्य असेल तर मी या चिठ्ठ्या धरते. एका बाजूनं हरकत घेतली तर बाद कराव्या लागतील."

"आमची हरकत नाही," विक्रम घाईनं म्हणाला. "कामगाराच्या हाताला रंग असणारच मॅडम. मेहनतीचा डाग आहे तो. त्याचं मत बाद करणं म्हणजे कामगाराचा अपमान आहे."

हे आपण बोलायचं वाक्य, रामनाथच्या मनात आलं. आणि बोलतोय कोण तर हा, ज्यानं आयुष्यात ड्रम उचलला नाही.

"काका, एक शब्द बोला," भावेश दबक्या आवाजात म्हणाला. "अट तुमचीच हाय. कायद्यानं बोलताय तुमी. हरकत म्हणा आणि विषय संपवा."

शब्द रामनाथच्या जिभेवर आला होता. तेवढा एक शब्द, की युनियन वाचत होती. मंदा असतानाची, तिनं सोसलेली युनियन. संपाच्या वेळी घरात काही नव्हतं तेव्हा मंदा वांगी-मिरच्यांची पाटी घेऊन सफाळ्याच्या बाजारात बसायची आणि म्हणायची, "तुमी दुनियेचा संसार करा. आपला मी बघते." तो खरंच दुनियेचा संसार करत राहिला होता. आता घरचा संपला, आणि दुनियेचा या टेबलावर मांडला होता.

आणि त्याला राग आला होता. फसवलं म्हणून तेवढा नाही. घास भरवायला येतात आणि फसवतात, त्याचा. समोर येऊन सांगितलं असतं, पोरासाठी करतोय, तर तो भांडला असता, शिव्या दिल्या असत्या, पण समजला असता.

"रामनाथ पाटील, काय म्हणता?" मॅडमनी विचारलं.

या युनियनचं पहिलं भांडण हात धुवायच्या साबणासाठी झालं होतं. पिवळ्या प्लँटला साबण आणि नळ द्या, एवढीच मागणी. तेव्हाचा मॅनेजर म्हणाला होता, रंग जातच नाही तर साबण कशाला? रामनाथ तेव्हा टेबलावर दोन्ही हात पसरून उभा राहिला होता. म्हणाला होता, या हातांनी आमी पोरांना जेवू घालतो साहेब.

"मॅडम," तो आत्ता म्हणाला, "अट मी घातली ती खरी. पण रंगाच्या कारखान्यात हाताला रंग लागला म्हणून मत बाद करा, असं मी नाय बोलणार. धरा त्या चिठ्ठ्या."

"हरकत नाही, असं लिहू?"

"लिवा."

त्यानं सही केली. मॅनेजर दारातून केव्हा गेला ते कळलंही नाही. विक्रम उठून हात पुढं करत म्हणाला, "मोठं मन आहे तुमचं, रामनाथशेठ."

"मन नाय, अक्कल कमी हाय," रामनाथ म्हणाला आणि खुर्ची सरकवून बाहेर पडला. विक्रमचा हात पुढं तसाच राहिला.

व्हरांड्यात भावेशनं त्याला गाठलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "सगल्या कंपनीला सांगतो मी, कोणी घात केला ते."

"काय सांगशील?"

"पिवळ्यावाल्यांनी."

"मतदान गुप्त होतं."

"काका, तुमी पाहिलंत, मी पाहिलं..."

"गुप्त होतं भावेश. आतलं आतच राहील. मी आहे तोवर तरी."

गेटवर गुलाल उडायला लागला होता, कोणीतरी फटाक्यांची माळ लावली होती. मंदाला जाऊन अजून दोन महिने झाले नव्हते. रामनाथ गुलालाच्या बाजूनं न जाता मागच्या रस्त्यानं प्लँटवर गेला. दुसरी पाळी त्याची होती.

फिल्टर प्रेस भरून थांबली होती. तिच्यात जाडजूड प्लेटा एकीला एक लावून दाबलेल्या असतात. पाणी निघून गेलं की त्या एकेक सुट्या करून मधला रंग खाली पाडायचा. प्लेट जड, त्यामुळं दोन टोकांना दोन माणसं लागतात. रामनाथच्या समोरच्या टोकाला कायम पुंजाराम असायचा. आजही होता. तोंडाला फडकं बांधून तयार.



"ऐकलं म्या," पुंजाराम म्हणाला. फडक्यामागून आवाज दबका येत होता. "लई वाईट झालं रामभाऊ. इतक्या वर्साची युनियन."

"हं."

"फिरले साले. निळ्यातली असतील. त्या भय्या लोकांचा भरवसाच न्हाई."

रामनाथनं त्याच्याकडे पाहिलं. पुंजारामची नजर प्लेटेवर होती. एवढं बोलून झालं तरी तो वाट बघत होता, काहीतरी ऐकायची.

"निळ्यातली नव्हती," रामनाथ म्हणाला.

पुंजारामचे हात प्लेटेच्या कानावर, धरायच्या दांडीवर, होते तसेच राहिले. मोटरचा आवाज तेवढा चालू होता. रामनाथनं फडकं तोंडावर बांधलं, आपल्या बाजूचा कान धरला आणि वाकून उभा राहिला.

पुंजाराम उचलेना.

"उचल," रामनाथ म्हणाला. "एकट्याला नाय निघायची."