निजलेली चूल आणि बुधवारचा कोंबडा

मी एक जुना विजेचा कुकर आहे. शिट्टी न मारणारा. मित्रांनो, कुकर म्हटले की तुम्हाला शिट्टी आठवते, वाफ आठवते. माझ्याकडे त्यातले काहीच नाही. माझ्या पोटात चिनी मातीचे जाड भांडे आहे, डोक्यावर काचेचे झाकण आहे आणि कमरेला एकच बटन आहे. सकाळी माझ्यात घातलेले अन्न संध्याकाळपर्यंत मंद आचेवर आपोआप शिजते. माझे काम एवढेच. आणि खरे सांगू का, या कामाचा मला पहिल्या दिवसापासून मनस्वी वीट आलेला आहे.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मी इतका पांढरा आणि गुळगुळीत होतो की माझ्यात कोणी तरी गोड खीर करील अशी माझी समजूत होती. पण मला घेतले एका मालवाहू जहाजाच्या खानसाम्याने. खनिज न्यायला ते जहाज मुरगाव बंदरात लागले. तिथे धक्क्यावर काम करणाऱ्या सर्वेशशी खानसाम्याची गट्टी जमली आणि जाताना त्याने मला सर्वेशच्या हातात ठेवले. सर्वेशने मला गोणपाटात गुंडाळले आणि दोन बस बदलून पेडणे तालुक्यातल्या आपल्या गावी आणले.

गोवा राज्य होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. पणजीत नवी खाती उघडली होती आणि त्यांतल्या एका खात्यात सर्वेशची बायको प्रिया कारकून म्हणून लागली होती. मांडवीवरचा पूल तेव्हा कोसळलेला होता. प्रिया पहाटे उठे, सातच्या बसने निघे, बेतीला उतरून फेरीबोटीने पणजीला जाई आणि तसाच प्रवास करून संध्याकाळी सातला घरी येई. सर्वेश मुरगावला राही आणि शनिवारी येई. घरी सासू पद्मावती, सासरे गोकुळदास आणि पाच वर्षांची गंगा. पद्मावतीला चुलीपुढे बसून धुराचा दमा झालेला, म्हणून संध्याकाळचे रांधप प्रियाकडे होते. दिवसभर राबून आलेल्या बाईने रात्री गावठी कोंबडा शिजवत बसावे कधी? गावठी कोंबडा म्हणजे काही मऊ प्रकरण नव्हे. दोन दोन तास चुलीवर ठेवला तरी दाताला दाद देत नाही. म्हणून मी आलो.

पद्मावतीने मला पाहिले आणि नाक मुरडले.

"धग नाय, धूर नाय, आणि ह्याच्यात कोंबो शिजतलो?" ती म्हणाली. "ही तर निजलेली चूल!"

"आई, तुमी फक्त बटनाक हात लावू नकात," प्रिया म्हणाली. "सांजेपर्यंत आपसूक शिजता. मधी बंद पडला तर मात्र सगळा फुकट."

"हात? मी चिमट्यानसुद्धा लावची नाय."

त्या घरात सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळत. बुधवार कोंबड्याचा. बुधवारी उजाडता उजाडता गोकुळदास घरामागे कोंबडा कापून साफ करून देत आणि प्रिया तो अख्खाच्या अख्खा माझ्यात बसवी. मित्रांनो, तुम्ही ताटात तंगडी पाहता. मी काय पाहतो ते ऐका. कच्च्या कोंबड्याची कातडी थंड आणि बुळबुळीत असते. तिच्यावर उपटलेल्या पिसांची भोके असतात आणि दोनचार पिसे राहिलेलीही असतात. मान मुडपून पोटाखाली सारलेली, पाय आकाशाकडे, आणि ते पाय माझ्या झाकणाला टेकलेले! त्याला हळद, मीठ, आले-लसणीचे वाटण चोळलेले आणि बुडाशी कांदा अंथरलेला. मग मी हळूहळू तापू लागलो की त्याची चरबी सुटे, करडा फेस वर येई आणि माझ्या कडेला चिकटून बसे. बारा तास हे सगळे पोटात घेऊन बसायचे. मला ओकता येत नाही, म्हणून कोणाला कळले नाही.

पण कामात मी कधी कसूर केली नाही. संध्याकाळी प्रिया आली की भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण आणि दोन सोले, म्हणजे आमसुले, माझ्यात टाकी. मांस हाडावरून आपण होऊन सुटलेले असे. गोकुळदास पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गोल उंडे रश्शात बुडवून खात आणि म्हणत, "जहाजावरचो कोंबो बरो." गंगा बोटे चाटी. पद्मावतीही दोनदा वाढून घेई, तोंडाने मात्र मला निजलेली चूलच म्हणे. दसऱ्याला घरातल्या कोयत्याला, आडोळीला म्हणजे विळीला, शिवणयंत्राला, रेडिओलासुद्धा ती फूल वाही. मला नाही. ज्याच्या पोटात कोंबडा तो कसला पूजेचा, असे तिचे म्हणणे होते. मला त्याचे दुःख नव्हते. माझीच मला किळस येत होती, तिथे दुसऱ्याला काय बोलायचे?

आता त्या बुधवारचे सांगतो. आजही ते आठवले की माझ्या काचेला घाम फुटतो.

सकाळी सव्वासहाला प्रियाने मला सुरू केले आणि ती गेली. गोकुळदास पेडण्याच्या बाजारात गेले. गंगा शाळेत. नऊच्या सुमारास शेजारची कमलाक्षी कुंपणापाशी येऊन ओरडली, "पद्मावतीकाकी, आयकलात? तेरेखोलचो शिवदास सकाळीच गेलो."

शिवदास म्हणजे यांच्याच आडनावाचा, यांच्याच कुळदेवाचा एक म्हातारा. पद्मावतीने हातातले काम खाली ठेवले. "अरे देवा! म्हणजे सुतक," ती म्हणाली. "आणि घरात कोंबो शिजता!"

भावकीतले माणूस गेले की घराला सुतक लागते, आणि सुतकात मासमच्छी शिजवत नाहीत. पद्मावतीचा जीव तळमळला. ती माझ्यापाशी आली. पदर हाताला गुंडाळून तिने माझे बटन फिरवले आणि ती देवाचे नाव घेत बाहेर गेली. माझी धग गेली.

मित्रांनो, मी तेव्हा जेमतेम कोमट झालो होतो. कोंबड्याची वरची कातडी पांढरी झाली होती, आत मांडीपाशी तो कच्चाच होता. गार असता तर काही काळ टिकला असता. उकळत असता तर प्रश्नच नव्हता. पण तो कोमट होता, झाकणाखाली होता आणि पेडण्याचा भाद्रपदातला उकाडा होता. अशा कोमट मांसात काय काय वाढते ते डोळ्यांना दिसत नाही. मला मात्र ते कळत होते. दहाला रस्सा चिकट झाला. अकराला बारीक बुडबुडे आले, आणि ते शिजण्याचे नव्हते. बारानंतर हळद-आल्याच्या वासाखालून एक आंबूस, गोडूस वास वर येऊ लागला. तो वास माझ्या पोटात कोंडला होता. इतकी शिसारी मला आयुष्यात आली नव्हती. जहाजावर एकदा माझ्यात कोणी तरी तीन दिवस माशाची डोकी विसरले होते, तेही मला त्या दुपारपुढे बरे वाटले.

अडीचला गोकुळदास आले. पद्मावतीने अंगणातच त्यांना बातमी दिली आणि सुतक किती दिवसांचे ते विचारले.

"आमका कसला सुतक?" गोकुळदास पिशवी ठेवत म्हणाले. "तेंची आणि आमची भावकी सात पिढ्यांपूर्वी तुटली. देवळात नारळ फोडून तोडलेली. उद्यां भेटून येतंय, पण सुतक नाय."

हे म्हणून ते बाल्कावात, दारापुढच्या ओट्यावर, पेपर वाचत बसले. मराठी की कोंकणी यावर त्यात रोज काहीतरी असे आणि ते त्यात बुडून जात. पद्मावती स्वयंपाकघरात आली. तिने माझ्या झाकणाला बोट लावून पाहिले. झाकण अजून किंचित कोमट होते. "ऊन आसा अजून," ती स्वतःशीच पुटपुटली आणि तिने बटन पुन्हा फिरवले.

मी तिला सगळा दोष देत नाही. तिच्या लहानपणी चूल विझली तर पुन्हा फुंकर घालत, खळाखळा उकळी आणत. तिला वाटले मीही तसाच. पण मी मंद आचेचा. माझ्या कोमट पोटातून उकळीपर्यंत जायला तास न् तास लागतात, आणि तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. बिघडलेले मांस मग कितीही तापवा, ते चांगले होत नाही.

सातला प्रिया आली. पाय धुऊन तिने माझे झाकण उघडले आणि तिचा चेहरा बदलला. रोज आपसूक सुटणारी तंगडी आज हाडाला धरून होती. तिने वास घेतला. पण फेरीबोटीतल्या डिझेलच्या धुराने तिला दिवसभर पडसे झालेले, तिला काही नीट कळेना.

"आई, मधी लाईट गेल्ली?"

"नाय."

"बटन बंद केलेलात काय?"

"मी? मी कशाक करू? तुज्या मशीनीचा काय ता तूच बघ."

चोराच्या मनात चांदणे! इतक्या मोठ्याने ती एरवी बोलत नसे. पण "चिमट्यानसुद्धा लावची नाय" असे जी सगळ्यांदेखत म्हणाली, तिने आता काय सांगावे? झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या पोटातल्या त्या आंबूस चिखलापेक्षाही त्या एका वाक्याची मला जास्त किळस आली. इतकी वर्षे कुरकुर न करता घाण पोटात घेतली आणि शेवटी खोटा मी ठरणार!

"मशीन जुना झाला बहुतेक," प्रिया उसासा टाकून म्हणाली. तिने कोंबड्याचे तुकडे केले, टोपात घालून स्टोव्हवर ठेवले, वर खोबऱ्याचे वाटण घातले. दहा मिनिटांत खमंग वास सुटला. वरून खमंग, खाली तेच. मी ओट्यावर रिकामा पडलो होतो. माझ्या कडेला तो चिकट थर होता आणि कोणीही बोट लावून नाकाशी नेले असते तरी कळले असते. कोणी नेले नाही.

पाट मांडले. उंडे आले. गंगा शाळेतून आल्यापासून या घासाची वाट पाहत होती. "आई, माका पाय!" ती म्हणाली आणि प्रियाने पहिली तंगडी तिच्याच ताटात वाढली.

मी पद्मावतीकडे पाहत होतो. तिने स्वतःचे ताट पुढे ओढले नव्हते. तिचे डोळे गंगाच्या हातावर होते. गंगाने तंगडी उचलली, फुंकर मारली, तोंडाशी नेली.

पद्मावतीने तिचे मनगट धरले. "थांब गो! खाव नको."

"कित्या?"

"आज... आज सुतक आसा."

"अगो, सुतक नाय म्हणून मी दुपारीच सांगलंय ना तुका?" गोकुळदास म्हणाले.

आता सगळे तिच्याकडे पाहू लागले. गंगाचे मनगट तिने सोडले नव्हते. गोकुळदासांनी तोवर उंड्याचा तुकडा रश्शात बुडवला होता, ते पाहून ती एकदम ओरडली, "तुमीय खाव नकात! बटन मी बंद केलंय. नऊ वाजता, सुतक म्हणून. अडीच वाजता परत चालू केलंय. मशीनीचो दोष नाय. दोष माजो."

आणि ती पदर तोंडाला लावून रडू लागली.

प्रियाने गंगाच्या हातातली तंगडी घेतली, हाडापाशी मोडली. आत गुलाबी होते. मग तिने सगळी ताटे एका टोपात रिकामी केली. गोकुळदासांनी माडाखाली हातभर खड्डा खणला, कुत्र्यांनीसुद्धा खाऊ नये म्हणून. गंगा भोकाड पसरून रडत होती. त्या दिवशी सगळ्यांनी उंडे आणि तोराचे, म्हणजे कोवळ्या कैरीचे, लोणचे खाल्ले.

जेवताना प्रिया एवढेच म्हणाली, "आई, सांगलात ता बरां केलात."

दुसऱ्या दिवशी पद्मावतीने मला धुतले. तिने स्वतः! चिंच, राख आणि नारळाची सोडणे घेऊन ती विहिरीपाशी बसली. माझ्या कडेचा थर नखांनी खरवडताना तिला उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी येत होते, तरी ती उठली नाही. मित्रांनो, माझ्याइतकी शिसारी आलेले दुसरे कोणी मला तेव्हा प्रथमच भेटले.

महिन्याभराने दसरा आला. कोयत्याला फूल, आडोळीला फूल, रेडिओला फूल. गोंड्याच्या, म्हणजे झेंडूच्या, फुलांना इथे रोजां म्हणतात. परडीत त्यातले शेवटचे एक फूल उरले होते. पद्मावती क्षणभर थांबली आणि तिने ते माझ्या झाकणावर ठेवले.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. माझ्या भांड्याला तडा गेला, आतली तार जळाली आणि तिचा सुटा भाग इथे कुठेच मिळाला नाही. मी माळ्यावर आहे. माझ्या पोटात झुरळांनी अंडी घातली आहेत, एका उंदराने बरेच काही केले आहे, ते सांगवत नाही. मला धुवायला कोणी येत नाही. वर्षातून एकदा मात्र शिडी वाजते. गंगा आता म्हापशाच्या कॉलेजात शिकते. दसऱ्याला आजी तिला फूल घेऊन वर पाठवते. गेल्या दसऱ्याला ती शिडीवरूनच ओरडली, "आजी, ह्यां मोडलेला मशीन! ह्येका कशाक फूल?"

खालून म्हाताऱ्या पद्मावतीचा दमलेला आवाज आला, "ठेव गो. माजी चूक त्येणी पोटात घातली."

छे! मी काही ती पोटात घातली नाही. त्या दुपारची किळस अजून माझ्या तड्यांत आहे आणि ती जायची नाही. पण ती म्हातारी ताटावरून बोलली, वेळेत बोलली, आणि जिचे मनगट तिने धरले होते तीच मुलगी नाक दाबून माझ्यासमोर उभी होती. मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. आमच्या पोटात काय नासले आहे ते ज्याला ठाऊक आहे त्यानेच सांगायचे असते, लाज वाटली तरी, घास तोंडाशी गेलेला असला तरी. आणि जमले तर आम्हाला धुऊन ठेवत जा.

गंगाने तोंड वाकडे करून दोन बोटांनी झुरळ झटकले आणि फूल माझ्या झाकणावर ठेवले.