मधलं नाव

ब्लॉगचा गट सोडून शीतलला मिळणार होतं ते एवढंच: लेखाखाली स्वतःचं नाव. जाणार होतं बरंच. वर्षानुवर्षं जमवलेले वाचक, हक्काने शुद्धलेखन तपासणारी रेवती आणि बोरिवलीला सुबोधच्या घरी दर रविवारी मिळणारे पोहे. तरीही तिने बशी बाजूला सारली आणि सांगून टाकलं,

"मी निघतेय. स्वतःची साइट काढतेय. राजकारण आणि संस्कृती, दोन्ही."

सुबोधचं लिंबू पिळणं थांबलं. त्यांच्या ब्लॉगवर पाचजण लिहीत, पण लेखाखाली कुणाचंच नाव नसे. नियम सुबोधचाच.

"अगं, नाव नाही म्हणून तर टिकलो आपण. कोणी अंगावर आलं तर सगळ्यांच्या अंगावर येतं."

"आणि हार घालायला आलं तर? परिसंवादाला दर वेळी तूच जातोस रे. माझ्या लेखाची शाबासकी घेऊन येतोस, वर मलाच सांगतोस, लोकांना आवडला बरं का."

रेवती खोकल्याच्या आडून हसली. पाचही जणांचे लेख सुबोधला मनापासून स्वतःचेच वाटत. इतक्या निष्पाप चोराला पकडणार तरी कसं?

"जा मग," सुबोध म्हणाला. "पण पहिली शिवी एकटीला खावी लागेल हां."

"खाईन. पचतात मला."

साइटचं नाव तिने ठेवलं 'थेट'. पहिला लेख तिच्या घाटकोपरच्या वस्तीतल्या अभ्यासिकेवर. तिथे माजी नगरसेवकाच्या संस्कृती महोत्सवाची कमान, थर्माकोलचे बुरूज आणि हात जोडून उभा असलेला त्याचाच भलामोठा कटआउट, असं सगळं सामान छतापर्यंत रचलं होतं. स्पर्धा परीक्षेची मुलं बाहेर जिन्यात बसून वाचत होती. शीतलने फोटोंसकट लिहिलं. नावाची चौकट आली तेव्हा ती जरा सावरून बसली आणि शाळेच्या दाखल्यावर असतं तसं पूर्ण नाव टाकलं: शीतल कुंडलिक खंदारे. पप्पांना बरं वाटेल, एवढाच विचार.

चूक तिथेच झाली. वस्तीत शीतल पुष्कळ होत्या. कुंडलिक खंदारे एकच होते, जयंती मंडळाचे कायमचे अध्यक्ष. आणि जयंतीचा मंडप, रोषणाई, साउंड, सगळं त्या माजी नगरसेवकाकडूनच यायचं.

लेख वस्तीतल्या मोबाइलांवर फिरला आणि संध्याकाळी मंडळाचा चिटणीस मिथुन दारात उभा.

"काका, साहेबांचा फोन होता. लेख उडवा, नाहीतर अध्यक्ष बदला. दोन्ही जमत नसेल तर मंडप दुसरीकडून बघा, म्हणाले. जयंती तोंडावर आलीय. वाट लागेल आपली."

कुंडलिकांनी कपाटाकडे पाहिलं. अध्यक्षांसाठीचा निळा फेटा दर वर्षी ते स्वतः धुऊन, इस्त्री करून ठेवत. यंदाचा कपाटाच्या दाराला लटकत होता.

शीतलने लॅपटॉप पुढे ओढला.

"लेख राहणार. पण मधलं नाव काढते, पप्पा. नुसतं शीतल खंदारे. मग तुमचा काय संबंध?"

"झकास!" मिथुन म्हणाला. "तेवढं कर ताई, पुढचं मी समजावतो त्यांना."

स्वयंपाकघरातून शीतलच्या आईने, शकुने विचारलं, "चहा टाकू ना?"

"टाक," कुंडलिक म्हणाले. "साखर जरा जास्त घाल. नव्या अध्यक्षाला गोड लागतो."

मिथुनला समजायला क्षणभर लागला. "काका, असं काय करताय? मी कुठे..."

"बस रे. जयंती अंधारात व्हायला नको. मंडप घे, रोषणाई घे. लाजू नको." मग त्यांनी चष्मा पुसला, लॅपटॉपच्या पडद्याजवळ वाकले आणि नावाची ओळ पुन्हा एकदा वाचली. "आणि तू गं, हात लावू नको नावाला. बरोबर बसलंय."

शीतलने लॅपटॉप मिटला. ओठ घट्ट दाबून ती उगाचच मिथुनसाठी खुर्ची पुसू लागली.

जयंतीपर्यंत ज्याचं त्याला पोचलं. अभ्यासिकेतून बुरूज हलले, कटआउटही हात जोडलेल्या अवस्थेतच टेम्पोत चढला, मुलं जिन्यातून आत गेली. मंडळाला मंडप मिळाला, मिथुनला खुर्ची. शीतलला वाचक मोजकेच मिळाले, पण ते तिला नावाने ओळखत. सुबोधनेही लेख पुढे पाठवला, वर लिहिलं: 'आमच्याच तालमीतली.' त्यालाही वाटा पोचला.

भुर्दंड एकट्या कुंडलिकांच्या नावावर पडला. मिरवणुकीत ते मागच्या रांगेत, साध्या पांढऱ्या सदऱ्यात चालत होते. शेजारच्या अनोळखी माणसाने आदबीने विचारलं, "तुम्ही मंडळाचे का?"

"नाही," कुंडलिक छाती पुढे काढून म्हणाले. "मी शीतलचा."