पिवळीधमक बंडी आणि काळाकुट्ट चष्मेवाला

मित्रांनो, अंगभर ग्रीसचे डाग मिरवत तुमच्याशी बोलणारी मी एक जुनी बंडी आहे. तरुणपणी माझा रंग असा भडक पिवळा होता की मला शिवताना सुईचेही डोळे दिपले असतील. छातीवर आणि पाठीवर चंदेरी पट्ट्या होत्या. त्यांच्यावर उजेड पडला की त्या लख्ख चमकत.

मला शिवलं एका शिवणकाम करणाऱ्या ताईने, आपल्या धाकट्या भावासाठी. भावाचं चष्म्यांचं दुकान होतं. लोकांना नीट दिसावं म्हणून दिवसभर राबणारा हा माणूस अंधार पडल्यावर घरी निघाला, की स्वतः मात्र कुणालाच दिसत नसे. मोटारसायकल काळी, हेल्मेट काळं, कपडेही काळे. काळ्यात आपण रुबाबदार दिसतो, अशी त्याची ठाम समजूत.

मला घालून तो आरशापुढे उभा राहिला आणि त्याचा चेहराच पडला.

"ताई, मी भोपळा दिसतोय गं!"

"दिसतोयस ना? मग झालं तर!" ताई म्हणाली.

तिचं मन राखायला तो मला घालून निघे आणि कोपरा वळला, की काढून गाडीच्या पेटीत कोंबे. पाने-पक्कड, चिंध्या आणि मऊ पडलेली बिस्किटं यांच्या सोबतीत मी दिवस काढले. मला फार अपमान वाटायचा.

एका संध्याकाळी गावाबाहेरच्या वळणावर गाडीची चेन निघाली. तिथे रस्त्यावर दिवे नव्हते. गाडी कडेला घेऊन चष्मेवाला चाचपडत चेनशी झटू लागला. तेवढ्यात एक मोटार सुसाट आली. चालकाला ना गाडी दिसली, ना माणूस. मोटार अगदी खेटून गेली आणि गाडीचा आरसा उडाला. चष्मेवाला मटकन खालीच बसला. त्याने पेटी उघडली आणि मला अंगात चढवलं. घाईत माझी पाठ पुढे आली, पण मी रागावले नाही.

मागून एक टेम्पो आला. माझ्या पट्ट्या दुरूनच चमकल्या आणि टेम्पो हळू होत चांगला लांब थांबला. चालकाने अदबीने विचारलं, "साहेब, रस्ता बंद आहे का?"

"रस्ता चालू आहे. गाडी बंद आहे," चष्मेवाला कसाबसा म्हणाला.

टेम्पोच्या मागे आणखी गाड्या थांबल्या. कुणी विचारलं, "पाण्याचा पाइप फुटला का?" एका आजोबांनी तर न विचारताच आपल्या गाडीची कागदपत्रं काढून त्याच्या हातात दिली!

टेम्पोवाल्याने दिव्याचा झोत धरला, चेन बसवून दिली आणि घरापर्यंत मागे राहून सोबत केली. चष्मेवाल्याने ताईला सगळं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. मग तो हळूच म्हणाला, "ताई, या कापडाची पँट होईल का गं?"

पुढे मी रोज त्याच्या अंगावर मिरवले. सुरुवातीला पाठीवरच्या पिशवीने मी झाकली जाई. ताईने पिशवीलाही पट्ट्या शिवल्या. धुऊन धुऊन माझी चमक गेली, तेव्हा तिने नवी बंडी शिवली. मला वाईट वाटलं, पण विझलेल्या पट्ट्यांवर कुणाचा जीव का सोपवावा? आता मी गाडीचे दिवे पुसते.

मित्रांनो, तुमच्या बंडीला पेटीत कोंबू नका आणि तिच्यावर धूळ साचू देऊ नका. देखणं दिसायला अख्खा दिवस आहे. अंधारात नुसतं दिसलात, तरी घरच्यांना तुम्ही देखणेच वाटाल.